नळीच्या आत कल्हई नव्हे, अस्तर

नागपूरच्या एका वाचकांनी विचारले आहे, की रायफलीच्या नळीत आतून क्रोमियमचा जो संरक्षक थर देतात, त्याला कल्हई म्हणावे, मुलामा म्हणावे की लेप, आणि त्यापुढे क्रियापद कोणते योजावे.

कल्हई हा शब्द या संदर्भात ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कल्हई कथलाची असते. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून ती कापसाच्या बोळ्याने फिरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, आणि बार उडताच नळीत कोंडणारा वायू त्याहून कितीतरी तप्त असतो. क्रोमियम १९०० अंशांपर्यंत टिकते, म्हणूनच झीज आणि गंज रोखण्यासाठी त्याची निवड झाली. नळीत धनाग्र ठेवून, द्रावणातून वीज सोडून ते चढवतात. मुलामा हा शब्द अरबीतल्या ‘चमकणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या धातूतून आला आणि दिखाव्यापुरताच उरला. लेप औषधाला शोभतो.

चपखल शब्द आहे अस्तर, आणि त्याचे कुळ मोठे रंजक आहे. अस्तर थेट संस्कृत ‘आस्तर’पासून मराठीत उतरले असे सांगणारे विद्वान भेटतात, त्यांनी स्वतःच्या अंथरुणाकडे एकदा नीट पाहावे. संस्कृत ‘आस्तरण’ मराठीत शिरताना ‘स्त’चा ‘थ’ झाला आणि त्याचे अंथरूण बनले. ‘स्तर’चा थर झाला तोही याच वाटेने. ज्या शब्दात ‘स्त’ शाबूत राहिला, तो अस्तनीसारखाच शिवणकामाबरोबर फारसीतून आला, हे उघड आहे. मात्र फारसी म्हणून त्याला परका ठरवून ‘अंतर्विलेपन’ घडवणाऱ्या शुद्धिवाद्यांचेही मला नवल वाटते, कारण पसरणे या अर्थाचा ‘स्तृ’ हा धातू संस्कृत आणि इराणी भाषांचा सामाईक वारसा आहे. बिस्तरा आणि विस्तार हे त्याच नात्याने भाऊ लागतात. किंबहुना प्रश्नकर्त्यांनी सहज वापरलेला थर हाही अस्तराचा चुलतभाऊच आहे.

अस्तर म्हणजे वेगळे कापड आतून शिवणे, येथे तर धातूवर धातू बसतो, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु गोसीखुर्दच्या कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या बातम्या नागपूरकरांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत, आणि तेथील काँक्रीट कोणी सुईदोऱ्याने टाचलेले नाही. पाणी वाहणाऱ्या कालव्याला जे चालते, ते गोळी वाहणाऱ्या नळीला का चालू नये?

क्रियापद ‘देणे’ पुरे: ‘इन्सास रायफलीच्या नळीला आतून क्रोमियमचे अस्तर दिलेले असते.’ घडण्याची रीत सांगायची असेल, तर ‘चढवणे’ म्हणावे.