क्लिप फोनवर मागू नका, आजच लेखी मागा

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री नवापूरच्या थांब्यावर वाचली. पिकअप कंपनीला अटॅच (गाडी तुमची, काम कंपनीचं), काचेला दोन भिंगांचा कॅमेरा (एक रस्ता बघतो, एक तुम्हाला), एका महिन्यात 'झोप'चे ९ इव्हेंट, म्हणजे तुम्ही झोपलात अशा कॅमेऱ्याच्या ९ नोंदी, बिलातून साडेचार हजार कापले, आणि क्लिप मागितली तर ऑफिसात कोणी फोन घेत नाही. १२ दिवस झाले म्हणता. शेवटी विचारलंय, कॅमेरा काढून फेकू का?

काढू नका. त्यावर टेपही लावू नका. कारण पुढे सांगतो. त्याआधी हे उत्तर अर्धवट सोडा आणि क्लिपची मागणी मेलवर टाका, मजकूर खाली दिलाय. १२ दिवस म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. माझ्या हातात तो राहिला नव्हता.

मी भुसावळचा. माझी आयशर एका पार्सलवाल्यांना अटॅच होती, जळगाव ते सुरत. कंपनीचं नाव इथे घेणार नाही, अजून दोन भाचे तिथे गाडी लावून आहेत. संध्याकाळी साडेचार-पाचला जळगाव सोडायचं. पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळे. मग साक्री, दहिवेल, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर. पहाटे सुरत.

हा रस्ता केलेल्यांना माहीत आहे, जळगाव ते धुळे म्हणजे जवळपास सरळ पश्चिमेला जाणं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यही बरोब्बर पश्चिमेला मावळतो. एरंडोल सोडलं की तो काचेतून थेट डोळ्यांत. वरची झडप खाली ओढली तरी शेवटचा पाऊण तास ती उपयोगाची राहत नाही, कारण सूर्य झडपेच्या खाली उतरलेला असतो. माणूस डोळे बारीक करतो, मान जराशी खाली घालतो आणि भुवईच्या आडून रस्ता बघतो. मी तीस वर्षं तसाच बघत आलोय. त्या मार्चमध्ये कॅमेऱ्याने त्यालाच झोप म्हटलं. ११ वेळा.

यंत्र कसं बघतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे भांडताना मुद्दा हातात राहील. आतल्या भिंगाशेजारी बारीक दिवे असतात, ते आपल्या डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. म्हणून अंधाऱ्या केबिनमध्येही चेहरा दिसतो. (अंधारात मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्याच्याकडे धरा, बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपके दिसतील.) मग सॉफ्टवेअर पापण्यांच्या कडांवर ठिपके धरतं आणि डोळ्याची उंची रुंदीच्या मानाने किती उरली ते मोजत राहतं. साधी पापणी अर्ध्या सेकंदाच्या आतच उघडते. त्याहून जास्त वेळ मिटलेली राहिली, किंवा एका मिनिटात डोळे ८० टक्क्यांहून जास्त मिटलेले असण्याचा वेळ वाढला, की ते झोप धरतं. या दुसऱ्या मापाला परक्लोज म्हणतात, ते १९९० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या संशोधनातून आलंय. जोडीला तोंड किती उघडलं यावरून जांभई आणि मान कुठे वळली यावरून लक्ष कुठे आहे ते ठरतं.

माप चुकीचं नाही. ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, दोन सेकंद डोळा लागला तर ४४ मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. पण यंत्राला दिसते फक्त डोळ्याची फट. ती झोपेने बारीक झाली की उन्हाने, हे ओळखायला चांगली यंत्रणा आणि नीट बसवणं दोन्ही लागतं. माझ्या गाडीत बसवणारा पोरगा १५ मिनिटांत निघून गेला होता. कॅमेरा त्याने डॅशवर खाली चिकटवला, तो माझ्याकडे हनुवटीखालून वर बघायचा. खालून बघितलं तर कोणाचेही डोळे अर्धे मिटलेलेच दिसतात, आणि माझे तर जन्मापासून बारीक. सीटवर बसवून, 'दादा, समोर बघा, आता डोळे मिटा' असं करून माझ्या चेहऱ्यावर यंत्र जुळवून घ्यायला हवं होतं. झालं नाही. मीही विचारलं नाही. तुमच्याकडे जुळवलं होतं का, ते मेलमध्ये विचाराच.

आता ज्याने मला बुडवलं ते.

पहिली कपात आली तेव्हा मी फोन केला. 'बघतो' म्हणाले. दुसऱ्यांदा, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' तिसऱ्यांदा, 'ते कॅमेरावाल्यांकडे असतं, त्यांना विचारा.' कॅमेरावाल्यांचा नंबर मिळवायला चार दिवस गेले. तिथली मुलगी गोड बोलली आणि म्हणाली, 'सर, आमची ग्राहक तुमची कंपनी आहे, तुम्ही नाही. आम्ही तुम्हाला काही देऊ शकत नाही.' चेहरा माझा, डोळे माझे, कापलेले पैसे माझे, आणि मी कोणीच नाही. मी परत ऑफिसला फोन केला. असे सात फोन. प्रत्येक वेळी समोरचा नीट बोलायचा म्हणून मी विश्वास ठेवला. एकही ओळ लिहून दिली नाही. ही माझी चूक, आणि सगळ्यात महाग पडलेली.

शेवटी बिलं काढणाऱ्या क्लार्कने दया म्हणून एक कागद छापून दिला. ११ ओळी. तारीख, वेळ, वेग, पुढे 'झोप' आणि सेकंद. घरी आणला. बारावीतल्या माझ्या मुलीने त्यावर पट्टी ठेवून एकेक वेळ वाचली. ५.४१, ६.०८, ५.५६... सगळ्या साडेपाच ते साडेसहाच्या मधल्या. सगळ्या जातानाच्या, येतानाची एकही नाही. रात्री २ ते ४ ला, जेव्हा ड्रायव्हरला खरी झोप येते, तेव्हा एकही नाही. ती म्हणाली, "पप्पा, हा तर सूर्य आहे." मी एवढा रस्ता केला आणि मला ते कागदावर दिसलं नव्हतं.

त्याच रात्री तिने मेल लिहिला. तो दिवस पहिल्या इव्हेंटपासून ३४ वा, आणि शेवटचा इव्हेंटही महिन्यापूर्वीचाच. दोन ओळींचं उत्तर आलं: क्लिप ३० दिवसांनी आपोआप डिलीट होतात, नोंद मात्र कायम राहते. म्हणजे ज्या १५ सेकंदांत माझा आठ्या पडलेला चेहरा दिसला असता ते गेलं, आणि 'झोप, २.४ सेकंद' ही ओळ राहिली. त्या ओळीवर माझी गाडी दोन महिने बाहेर ठेवली. घरी कापसाचे आले होते तेवढे हप्त्यात गेले.

म्हणून म्हणतो, चित्र लवकर पुसलं जातं आणि शेरा मागे राहतो. प्रायव्हसी म्हटलं की आपण विचारतो, 'माझा व्हिडिओ कोणाकडे आहे?' तेही विचाराच. पण या नोंदींवरून बनलेला तुमचा स्कोअर कोणाकडे आहे, किती वर्षं राहणार, विमावाल्याला किंवा फायनान्सवाल्याला जातो का, दुसऱ्या कंपनीत गाडी लावायला गेलो तर त्यांना दिसतो का, हे जास्त ठासून विचारा. अमेरिकेत २०२४ मध्ये बाहेर आलं की जनरल मोटर्सच्या गाड्यांतला जोरात ब्रेक मारल्याचा, वेगाचा डेटा, तो घेऊन पुढे विकणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होता आणि लोकांना पत्ता नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) जनरल मोटर्सला ५ वर्षं असा डेटा देण्यापासून रोखणारा आदेश पुढे आणला. तो चेहऱ्याचा डेटा नव्हता, गाडी चालवण्याचा होता. तरी काही लोकांचे विम्याचे हप्ते वाढले.

युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत झोपेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. पण त्याच कायद्यात लिहिलंय की तिने सतत रेकॉर्डिंग करायचं नाही, डेटा गाडीच्या आतच वापरायचा, तिसऱ्याला द्यायचा नाही, काम झालं की लगेच पुसायचा. मला हेच बरोबर वाटतं. यंत्राने मला जागं करावं आणि विसरून जावं. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने बस-ट्रकना अशी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. स्वागत आहे. पण गाडीत कारखान्यातून येणारी यंत्रणा वेगळी आणि आपल्या काचेला चिकटवलेला सिमकार्डवाला कॅमेरा वेगळा. पहिली बहुधा बीप करून गप्प बसते. दुसरा क्लिप वर पाठवतो, ऑफिसातला माणूस वाटेल तेव्हा आतलं भिंग उघडून बघू शकतो, आणि माइक चालू असेल तर ऐकूही शकतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा सुपरवायझर सहज बोलून गेला, 'काल विसरवाडीला कोणाशी एवढं भांडत होता?' मी घरी बोलत होतो. गाडी उभी, इंजिन बंद, आईच्या ऑपरेशनच्या पैशांवरून भावाशी वाद. ते त्या माणसाने का ऐकावं? केबिन आमचं घर असतं. तिथेच झोपतो, कपडे बदलतो, डबा खातो, कधी रडतोही. त्या दिवसापासून मी गाडी उभी केली की खाली उतरून, झाडाखाली जाऊन फोन करतो. लेखी मागा की गाडी उभी असताना आतलं भिंग आणि माइक बंद राहील अशी सेटिंग करून द्यावी. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती सोय असते, फक्त कोणी मागत नाही.

कायद्याचं थोडं. मी वकील नाही, तुमचं अॅग्रीमेंट मी पाहिलेलं नाही, तेव्हा धुळ्यात किंवा चाळीसगावात एखाद्या वकिलाला ते दाखवा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा आपला कायदा ऑगस्ट २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि आपला डेटा बघायला मागणं, दुरुस्त करायला, पुसायला सांगणं ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर कायद्याचा धाक कमी पडेल, पण मागणी करायला कोणी अडवलेलं नाही, आणि तारखेचा कागद पुढे कामी येतो. त्या कायद्यात संमतीची सूचना मराठीतही उपलब्ध हवी असं आहे. आपण सगळे इंग्रजी फॉर्मवर बोट दाखवलं तिथे सही करतो. मीही केली. नोकरीच्या कारणासाठी काही डेटा संमतीशिवाय वापरता येतो असंही एक कलम आहे, पण अटॅच गाडीचा मालक हा नोकर असतो का, हा प्रश्न वकिलाला मुद्दाम विचारा. माझ्या मते नसतो.

टेप लावू नका, कारण भिंग झाकलं की 'कॅमेरा झाकला' असा वेगळा इव्हेंट जातो आणि तिथे तुमची बाजू कोणी ऐकत नाही. उन्हाळ्यात आपण तोंडाला रुमाल बांधतो, त्यानेही काही कॅमेरे गोंधळतात. काही गॉगलमधून इन्फ्रारेड आरपार जात नाही, मग डोळे सापडत नाहीत, तेव्हा गॉगल घेताना कॅमेऱ्यासमोर लावून बघा. जागं राहायला मी मोठ्याने अहिराणी गाणी म्हणतो, त्याला एकदा जांभई म्हटलं होतं. आणि रात्री ढाब्यावर शेवभाजीवर भात खाऊ नका, भाकरी पुरे. हे कॅमेऱ्याचं नाही, पण सांगावंसं वाटलं.

काढू नका असं का म्हणतो? पुढच्या डिसेंबरात दहिवेलच्या पुढे, पहाटे अडीचला, त्याच कॅमेऱ्याने किंचाळून मला उठवलं. मी खरंच झोपलो होतो. डावं चाक साइडपट्टीवर गेलेलं, पुढे उसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही. गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो. तो इव्हेंट मी कधी नाकारला नाही.

मेलचा मजकूर. साध्या मराठीत चालतो. मेल करा आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. व्हॉट्सअॅपवर टाकलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

"माझ्या गाडी क्र. ... वर दि. ... ते दि. ... या काळात नोंदवलेल्या 'झोप' इव्हेंटच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या मूळ क्लिप, वेळ, ठिकाण आणि वेगासह मला द्याव्यात. या कपातीबाबत माझी बाजू ऐकून लेखी निर्णय होईपर्यंत या क्लिप डिलीट करू नयेत आणि कॅमेरा पुरवणाऱ्या कंपनीलाही तसं आजच कळवावं. क्लिप किती दिवस ठेवल्या जातात, इव्हेंटची नोंद आणि स्कोअर किती काळ राहतो व कोणाला दिला जातो, आणि कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर जुळवून घेतला होता का, हे लेखी कळवावं."

बाहेरच्या कॅमेऱ्याची क्लिप विसरू नका. समोर सूर्य होता का आणि गाडी पट्ट्यात सरळ चालली होती का, हे तीच दाखवते. तुमच्या ९ वेळाही एका कागदावर उतरवून काढा, शेजारी दिशा लिहा. पाठवलंत की तारीख इथे टाका, मी बघत राहीन.