कार्ड मिळालं म्हणजे मोकळं रान नाही

अरे, औषधी गांजाचं कार्ड काढू का म्हणून विचारतोस. डॉक्टरने पाठदुखीवर गांजा सुचवला आणि कॅलिफोर्नियात 1996 पासून औषध म्हणून ते चालतं, सगळं कबूल, पण आपण इथे अमेरिकेत व्हिसावर आहोत हे आधी डोक्यात घे. राज्य हो म्हणालं तरी केंद्राचा 1970 चा अमली पदार्थांचा कायदा वेगळाच, आणि 2005 मध्ये रेच खटल्यात सुप्रीम कोर्टाने 6-3 ने सांगूनच टाकलं की घरी स्वतःच्या औषधापुरतं झाड लावलं तरी केंद्राचा कायदा लागू.

नवीन लोक इथे हमखास चुकतात:

- केस झालीच नाही मग कसली भीती, असं समजतात. ग्रीन कार्ड, सिटिझनशिपच्या वेळी गांजा घेतल्याची नुसती कबुलीसुद्धा नडू शकते.
- गमीज, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या, बॅगेत टाकून विमानात बसतात. दोन्ही राज्यांत चालत असलं तरी सीमा ओलांडून न्यायचं नाही म्हणजे नाही.

म्हणून कार्ड काढायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला फी देऊन विचार, आणि फॉर्मवर खोटं अजिबात लिहू नकोस, ते जास्त महागात पडतं. आधीच विचारलंस ते बरं केलंस, बहुतेक जण नंतर विचारतात.