एकाच समुद्रातले मासे, मग पारा मोरीतच जास्त का?

प्रश्न: माझी सून चौथ्या महिन्यात आहे, आमच्याकडे आठवड्यातनं तीनदा तरी मासे असतातच. शेजारीण म्हणते मोरी (लहान शार्क मासा) देऊ नका, त्यात पारा असतो. समुद्र तर एकच, मग मोरीतच का? मीठ-हळद चोळून नीट धुतली तर जात नाही का? बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी द्यायची आमची पद्धत आहे, म्हणून जास्तच काळजी वाटते. (एक वाचक भगिनी, मालवण)

उत्तर: ताई, शेजारीण बरोबर सांगतेय. धुऊन नाही जात, कारण पारा वरनं लागलेला नसतो, तुकडीच्या मांसातच प्रथिनांना चिकटून बसलेला असतो, तळा नाहीतर कालवण करा, तेवढाच राहतो. (डीडीटीसारखी विषं चरबीत साठतात, चरबी काढून टाकली की ती थोडी तरी कमी होतात, पाऱ्याचं तसं नाही.)

आता मोरीतच का, तर अंगात येतं किती आणि बाहेर जातं किती, एवढाच हिशोब आहे. पारा तळाच्या गाळात बसतो, तिथे ऑक्सिजन नसला की जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि हा अंगात शिरतो पटकन, निघतो मात्र फार हळू, माणसाच्या अंगातला निम्मा जायलाच साधारण ५० दिवस लागतात. प्लवकांतनं (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांतनं) तो तारलीत येतो, तारली खाणाऱ्या माशात, मग त्याला खाणाऱ्या मोरीत, असा वाढत जातो. तारली जगते जेमतेम दोन-तीन वर्षं, मोरी कितीतरी जास्त, आणि इतरांनी साठवलेला पारा ती रोज गिळत असते.

पण मासा लहान म्हणून बिनधास्त, असंही नाही, पाणी कुठलं ते बघावंच लागतं. जपानमध्ये मिनामाताच्या उपसागरात कारखान्याचा पारा सोडला जायचा, १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला, तिथे शिंपल्यांतसुद्धा पारा होता. वाईट याचं वाटतं की काही आयांना स्वतःला फारसा त्रासच नव्हता आणि पोटातल्या बाळांच्या मेंदूला मात्र कायमची इजा झाली, कारण हा पारा वारेतनं बाळाकडे जातो. कालवं तर जागाच सोडत नाहीत, तिथलंच पाणी गाळून खातात, म्हणून सांडपाण्याजवळच्या खाडीतली नकोतच. कुर्लीच्या (खेकड्याच्या) पेंद्यातला, म्हणजे धडातला, मऊ पिवळसर भागही काढून टाका, कॅडमियम हा विषारी धातू तिथे जास्त साठतो.

मासे बंद मात्र अजिबात करू नका, बाळाच्या वाढीला ते हवेत. बांगडा, तारली आठवड्यातनं दोन-तीनदा खुशाल द्या, मोठी इसवण (सुरमई) क्वचित, मोरी नकोच, बाळ अंगावर पितंय तोवरही नको, दुधातनंही थोडा पारा जातो. बाळंतिणीसाठी अळिवाची खीर करा, बांगड्याचं तिखलं करा.