मसुद्यावरच्या हरकती आत्ताच पाठवा

केंद्रीय विधेयकाचा मसुदा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लागलाय, पण सविस्तर हरकती ते लोकसभेत मांडल्यावर पाठवल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका, आत्ताच पाठवा.

आज तो मसुदा एका खात्याचा आहे. तिथले अधिकारी एखादं कलम गाजावाजा न होता बदलू शकतात. मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली की तो सरकारचा होतो, आणि मग साधा शब्द बदलणंही प्रतिष्ठेचं होऊन बसतं. पुढे विधेयक तपासणीसाठी संसदेच्या, खासदारांच्या स्थायी समितीकडे जाईलच, याची खात्री नसते.

२०१४च्या फेब्रुवारीत कायदा मंत्रालयाने सर्व मंत्रालयांना एक धोरण कळवलं. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. त्यासोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं: खर्च किती, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर, लोकांच्या पोटापाण्यावर परिणाम काय. आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा आणि मंत्रिमंडळासाठीच्या टिपणातही द्यायचा. तुमची हरकत मंत्र्यांच्या टेबलापर्यंत पोचते ती या गोषवाऱ्यातून. म्हणून दहा पानी निबंध नको. कलम क्रमांक, त्यातला अडचणीचा शब्द, त्याने कोणाचं काय नुकसान होईल आणि तुम्ही सुचवता तो पर्यायी मजकूर, एवढं नेमकं लिहा. असं लिहिलेलं गोषवाऱ्यात जसंच्या तसं उचलता येतं.

मात्र हे धोरण आहे, कायदा नव्हे. कारण नोंदवून मंत्रालय ते बाजूला ठेवू शकतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, तेव्हा सूचना जाहीर करणार नाही असं आधीच सांगितलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये विधेयक लोकसभेत आलं. कोणाचं ऐकलं, कोणाचं नाही, हे नागरिकांना तपासताच आलं नाही. मला हे फार चुकीचं वाटतं.

इंग्रजी जमत नाही म्हणून गप्प बसू नका. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार केंद्राच्या अधिकाऱ्याकडेही गाऱ्हाणं मराठीतून मांडता येतं. सोबत चार ओळींचा इंग्रजी सारांश जोडलात तर वाचणाऱ्याचं काम सोपं होईल.

ईमेलची प्रत जपून ठेवा. गोषवारा संकेतस्थळावर दिसला नाही, तर माहिती अधिकारात तोच मागा. मंत्रिमंडळाचं टिपण मागू नका. निर्णय होऊन विषय संपेपर्यंत ती कागदपत्रं कलम ८ खाली नाकारली जातात.