स्टेम सेल संशोधनाला एवढा विरोध का होतो?

स्टेम सेल म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी. विरोध सगळ्या स्टेम सेलना नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी कितीतरी वर्षं वापरात आहेत, त्यावर कुणी ब्रही काढत नाही. वाद आहे तो भ्रूणातल्या पेशींचा. पाच-सहा दिवसांचा भ्रूण म्हणजे शे-दीडशे पेशींचा, सुईच्या टोकाएवढा गोळा. पेशी काढल्या की तो संपतो. तो ‘माणूस’ मानायचा का, इथेच घोडं अडतं. अमेरिकेत बुश यांनी २००१ मध्ये सरकारी निधी आधीच तयार असलेल्या पेशींपुरता मर्यादित केला, ओबामांनी २००९ मध्ये ती अट काढली. गंमत म्हणजे आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर उरलेले कितीतरी भ्रूण एरवीही टाकूनच दिले जातात. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये भ्रूण न वापरता उंदराच्या साध्या पेशींनाच स्टेम सेलसारखं बनवलं, तेव्हा या वादाची धार बरीच बोथट झाली.