कॅमेरा आणि लेन्सचा चोरीसाठी इन्शुरन्स निघतो का?

हो, निघतो. पण घराच्या साध्या पॉलिसीवर राहू नका, त्यात बहुतेकदा घरातली चोरीच धरतात, नेरूळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगोचे फोटो काढायला गेलात नि बॅग गेली की बसा बोंबलत. 'ऑल रिस्क' कव्हर (घराबाहेरची चोरीही धरणारं) मागा, कॅमेरा बॉडी नि लेन्स पॉलिसीत सिरीयल नंबरसकट लिहून घ्या, आणि लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर आधीच सांगा, नाहीतर क्लेम अडकतो.

माझी ७०-३०० झूम लेन्स ठाणे स्टेशनला गर्दीत बॅगेची चेन उघडून काढली, मी घाबरून नुसती हरवल्याची ऑनलाइन तक्रार टाकली, तर चोरीच्या क्लेमला इन्शुरन्स कंपनीने एफआयआर मागितला. लोकलमध्ये चोरी झाली तर सरळ रेल्वे पोलिसांकडे जा, त्याच दिवशी. कारमध्ये कॅमेरा ठेवून वडापाव खायला उतरू नका, ते बऱ्याच पॉलिसीत कव्हर नसतं.