मेनफ्रेम सपोर्टला नवीन लागलोय, सीनियरांचं बोलणं कळत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा की, ऐरोलीच्या ऑफिसात मेनफ्रेमच्या (बँकांची मोठी कामं चालवणाऱ्या संगणकाच्या) प्रॉडक्शन सपोर्टला रुजू झालात, टीममधली वीस-पंचवीस वर्षं मुरलेली मंडळी कॉलवर "सॉक-सेव्हन आलाय", "जीडीजी बघून रीस्टार्ट दे", "न्यूकॉपी मार" असं बोलतात, आणि फुल फॉर्मची यादी पाठ करूनही काही उलगडत नाही. ती यादी बाजूला ठेवा. अबेंड म्हणजे अ‍ॅबनॉर्मल एंड एवढं माहीत असून जॉब उठत नाही. कोड कानावर पडल्यावर पहिलं कुठे बघायचं, ते शिका.

कोणी नुसतं "जॉब पडला" म्हणालं तर जॉबचं नाव, स्टेप (जॉबमधला टप्पा) आणि कोड विचारून घ्या. एसडीएसएफमध्ये (जॉबचं आउटपुट बघायच्या स्क्रीनवर) जॉबशेजारी प्रश्नचिन्ह टाकलं की त्याचे सगळे आउटपुट वेगवेगळे दिसतात. जेईएसच्या (जॉब रांगेत लावून चालवणाऱ्या भागाच्या) मेसेज लॉगमध्ये आयईएफ४५०आय शोधा; स्टेप आणि कोड त्याच ओळीत असतात. कोडच्या आधी 'एस' असेल तर जॉब सिस्टिमने पाडलाय, 'यू' असेल तर प्रोग्रॅमने किंवा एखाद्या प्रॉडक्टने. यू४०३८ दिसला तर त्या आकड्यावर वेळ घालवू नका, खरं कारण सिसआउटमध्ये (प्रोग्रॅमने छापलेल्या आउटपुटमध्ये) सीईई किंवा आयजीझेडने सुरू होणाऱ्या मेसेजमध्ये असतं.

सॉक-सेव्हन म्हणजे एस०सी७, डेटा एक्सेप्शन. हा सगळ्यात जास्त ऐकाल, म्हणून तो नीट समजून घ्या. कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कॉम्प-३ (पॅक्ड) फील्डमध्ये एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं: सी, डी किंवा एफ. एस९(७)व्ही९९ (चिन्ह, सात अंक आणि दशांशानंतर दोन) हे फील्ड त्यामुळे ५ बाइटचं. आता तिथे आकड्याऐवजी स्पेस आल्या तर? एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतात) स्पेस म्हणजे हेक्स ४०. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये शून्य येतं, ते चिन्ह म्हणून चालत नाही, आणि बेरीज करायला गेलं की जॉब पडतो. हे होण्याची नेहमीची कारणं अशी: वर्किंग स्टोरेज (प्रोग्रॅमची स्वतःची फील्डं) इनिशियलाइझ केलेलं नाही, कॉपीबुक (रेकॉर्डच्या लेआउटची व्याख्या) बदललं पण फाइल जुन्याच लेआउटची आहे, किंवा बाहेरून फाइल आणताना एफटीपी बायनरीऐवजी टेक्स्ट मोडमध्ये झालं. शेवटच्या प्रकारात अक्षरं ठीकठाक दिसतात आणि पॅक्ड फील्डं मात्र आतून बिघडलेली असतात. म्हणून फाइल ब्राउझमध्ये उघडून 'हेक्स ऑन' करा आणि शंका असलेल्या फील्डचा शेवटचा बाइट बघा. रेकॉर्ड काढून टाकून जॉब पुढे ढकलायचा मोह होतो. बँकेच्या फाइलमध्ये बिझनेसच्या लेखी परवानगीशिवाय तसं कधीही करू नका.

सॉक-फोर वेगळा: प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी चाचपली. टेबलचा सबस्क्रिप्ट (ओळीचा क्रमांक) हद्दीबाहेर गेलाय का ते आधी बघा. टेस्टमध्ये एसएसरेंज ऑप्शन लावून कंपाइल केलं की लगेच कळतं.

"बी-थर्टीसेव्हन" आला की जागा संपली. याचं गणित स्वतः करता आलं पाहिजे. ३३९० डिस्कवर एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक. ८० बाइटचे रेकॉर्ड आणि २७,९२० चा ब्लॉक घेतला तर ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड, ट्रॅकवर असे दोन ब्लॉक, म्हणजे सिलिंडरला १०,४७० रेकॉर्ड. साध्या सिक्वेन्शियल फाइलला एका व्हॉल्यूमवर (डिस्कवर) १६ एक्स्टेंटच (सलग जागेचे तुकडे) मिळतात. जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळींत) सिलिंडर (१०,५), म्हणजे प्रायमरी १० आणि सेकंडरी ५, लिहिलं असेल तर १० अधिक १५ वेळा ५, म्हणजे फार तर ८५ सिलिंडर, जेमतेम ८,८९,९५० रेकॉर्ड. महिनाअखेरीला दहा लाख आले की जॉब पडणारच. डिस्क तुकड्यातुकड्यांत मोकळी असेल तर प्रायमरीलाच पाचपर्यंत एक्स्टेंट खर्ची पडतात आणि ८५ ही मिळत नाहीत. (२०,१०) केलं की काम भागतं. मात्र रीरनच्या आधी अर्धवट तयार झालेली फाइल डिलीट झाली आहे ना ते बघा, नाहीतर तेच नाव पुन्हा कॅटलॉग (सिस्टिमच्या यादीत नोंद) होणार नाही. भाऊबंद असलेला डी३७ म्हणजे सेकंडरी जागा मागितलेलीच नव्हती.

बाकीचे थोडक्यात. ८०६ म्हणजे प्रोग्रॅम सापडला नाही, स्टेपलिब (प्रोग्रॅम शोधायची लायब्ररी) तपासा. ९१३ म्हणजे परवानगी नाही; आयसीएच४०८आय मेसेजमध्ये कोणत्या आयडीला कोणती फाइल नाकारली ते लिहिलेलं असतं, तोच मेसेज रॅकएफ (परवानग्या सांभाळणाऱ्या) टीमला पाठवा. ३२२ म्हणजे सीपीयूची वेळ संपली. टाइम वाढवण्याआधी प्रोग्रॅम लूपमध्ये फिरतोय का ते बघा. आयएसपीएफच्या ३.४ मध्ये (फाइलींच्या यादीच्या स्क्रीनवर) व्हॉल्यूमच्या जागी 'मायग्रेट' दिसलं तर फाइल एचएसएमने (न वापरलेल्या फाइली बाजूला ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) हलवली आहे, जॉब ती परत येण्याची वाट बघतोय. त्याला कॅन्सल करू नका.

किक्समध्ये, म्हणजे सीआयसीएसमध्ये (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), हाच सॉक-सेव्हन 'एएसआरए' नावाने येतो. न्यूकॉपी (प्रोग्रॅमची नवी प्रत घ्यायची कमांड) लागते कारण नवा लोड मॉड्यूल लायब्ररीत गेला तरी रीजनच्या (चालू सीआयसीएसच्या) मेमरीत जुनाच असतो. प्रोग्रॅम त्या क्षणी वापरात असेल तर न्यूकॉपी नाकारली जाते, तेव्हा फेजइन (पुढच्या वापरापासून नवी प्रत) द्यायचं. डीबी२ या डेटाबेसमध्ये रिलीजनंतर -८०५ किंवा -८१८ आला तर आधी बाइंड (प्रोग्रॅमचं एसक्यूएल डेटाबेसशी जोडणं) झालंय का ते विचारा. -९११ म्हणजे डेडलॉक किंवा टाइमआउट होऊन रोलबॅकही (केलेले बदल मागे घेणं) झाला. -९१३ मध्ये रोलबॅक झालेला नसतो, हा फरक रीस्टार्टच्या वेळी फार महत्त्वाचा.

रीस्टार्टमध्येच नवखे सगळ्यात जास्त अडकतात. समजा तिसऱ्या स्टेपने जीडीजीची (एकाच नावाच्या फाइलींच्या पिढ्यांची) (+१), म्हणजे पुढच्या पिढीची, फाइल तयार केली, ती कॅटलॉग झाली आणि पाचवी स्टेप पडली. आता पाचवीपासून जॉब पुन्हा सोडलात तर मघाची फाइल (०), म्हणजे चालू पिढी, झालेली असते. जेसीएलमध्ये (+१) तसंच ठेवलं तर नसलेली फाइल शोधली जाते. कंट्रोल-आर किंवा सीए-११ असेल तर ते टूल हे सांभाळतं. हाताने सबमिट करताना तुम्हालाच बदलावं लागतं. सीनियर "टॉपपासून दे" म्हणाले तरी आधीच्या स्टेपने टेबल अपडेट केलंय का, आणि एखादी फाइल डिस्प-मॉडने (जुन्या मजकुरामागे जोडून) लिहिली जातेय का, हे बघा. दोन्हींत व्यवहार दोनदा नोंदले जाऊ शकतात.

जेसीएलमधला कोंड पॅरामीटर उलटा वाचायचा असतो. कोंड (४,एलटी) म्हणजे ४ हा आधीच्या एखाद्या रिटर्न कोडपेक्षा (स्टेप संपताना देते त्या आकड्यापेक्षा) लहान असेल तर ही स्टेप सोडून दे. आउटपुटमध्ये 'फ्लश' दिसलं तर तसंच काहीतरी झालंय.

क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर एक कोष्टक जवळ ठेवा: तिथली मध्यरात्र म्हणजे मुंबईत उन्हाळ्यात सकाळचे ९:३०, हिवाळ्यात १०:३०. त्यांची 'नाइट बॅच' आपल्या सकाळी चालते. घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. फाइलच्या नावातली ज्युलियन तारीख म्हणजे वर्षातला कितवा दिवस: १ मार्च हा साध्या वर्षी ०६०, लीप वर्षी ०६१. आणि कॉलेजात केटी म्हणजे राहिलेला विषय, इथे केटी म्हणजे जाणाऱ्या माणसाकडून काम समजून घेणं. ती करताना कोणता जॉब कुठून रीस्टार्ट करता येतो एवढं तरी लिहून घ्याच.

शेवटी, "फोर्स ओके कर". कंट्रोल-एममध्ये (जॉब क्रमाने सोडणाऱ्या टूलमध्ये) पडलेल्या जॉबला ओके केलं की त्याच्या मागचे सगळे जॉब सुटतात, काम झालेलं नसलं तरी. माझ्या मते नवख्या माणसाने हे वाक्य ऐकल्यावर थांबायलाच हवं. मागे कोणते जॉब लागलेत ते बघा, ज्या फाइलवर ते चालणार ती आजची आहे ना ते तपासा, आणि कोणी, किती वाजता सांगितलं ते तिकिटात लिहून मगच ओके करा.